वसतिगृहाच्या गच्चीवरचा सौर बंब : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२५

९ जानेवारी २०२५

एम.टेक. ऊर्जा, दुसरं सत्र. वैकल्पिक विषय घेतला आहे तो सौर औष्णिक प्रणालींच्या जोडणीचा. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं की कलेक्टर, म्हणजे उन्हाने पाणी तापवणारं पॅनेल, कसा काम करतो हे तुम्ही पदवीला शिकून आला आहात, ते मी परत शिकवणार नाही. इथे एवढंच बघायचं की तापलेलं पाणी आधीपासून असलेल्या व्यवस्थेत कुठून शिरतं, तिथे त्याची गाठ कोणाशी पडते आणि नळापर्यंत पोचेस्तोवर त्यातली किती उष्णता शिल्लक राहते.

प्रकल्प दोघींनी मिळून करायचा. अट अशी की इमारत खरी हवी, मोजमाप स्वतः केलेलं हवं आणि जमलं तर दुरुस्तीही करून दाखवायची. आम्ही आमचंच वसतिगृह घेतलं. गच्चीवर पॅनेल आहेत, मोठी टाकी आहे, आणि तरी रोज पहाटे विजेचे हीटर लागतात. दुसऱ्या विंगेत सकाळी कोमट पाणी येतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, पॅनेल जुने झाले, बदलायला हवेत. वॉर्डन मॅडमकडे नव्या पॅनेलचं दरपत्रकही येऊन पडलं आहे. तो खर्च होण्याआधी आम्हाला मोजायचं आहे.

११ जानेवारी

सकाळपासून दुपारपर्यंत गच्चीवर. देखभालीचे काका सोबत होते. त्यांच्याशिवाय हे काम झालंच नसतं. कुठला पाइप कुठे जातो याचा नकाशा कोणाकडेच नाही, तो काकांच्या डोक्यात आहे.

जे आहे ते असं : २४ सपाट कलेक्टर, प्रत्येकी २ चौरस मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर. तोंड दक्षिणेला, कल साधारण ३३ अंश. पुण्याचं अक्षांश साडेअठरा, म्हणजे बसवणाऱ्याने हिवाळ्याचा विचार करून कल वाढवलेला आहे. हे योग्यच केलं. ३,००० लिटरची एक उभी टाकी. पॅनेल आणि टाकी यांच्यामध्ये एक पंप, त्याला तापमानातल्या फरकावर चालणारा नियंत्रक : पॅनेल टाकीच्या तळापेक्षा ८ अंशांनी जास्त तापलं की पंप सुरू, फरक ४ वर आला की बंद. शिवाय त्याच फलकात टायमर, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. टाकीच्या तळाशी ९ किलोवॅटचे दोन हीटर, पहाटे साडेतीनला सुरू होणारे. टाकीतून गरम पाण्याचा पाइप दोन्ही विंगांत फिरतो आणि उरलेलं पाणी रिटर्न लाइनने परत टाकीत येतं. या फेरीसाठी अर्ध्या अश्वशक्तीचा वेगळा पंप. तो चोवीस तास चालू असतो.

पॅनेलच्या काचांवर धुळीचा थर होता. पुसल्यावर खालचा काळा लेप चांगला निघाला, कुठे सोललेला नाही, काचेच्या आत दव नाही. काका म्हणाले, "ताई, पॅनेलला काही झालेलं नाही. दुपारी या, टाकीला जाणाऱ्या पाइपला हात लावून बघा. चटका बसतो."

१४ जानेवारी

संक्रांत. वॉर्डन मॅडमनी तिळगूळ दिला आणि हीटरच्या उपमीटरची वही दिली. डिसेंबरची सरासरी दिवसाला ५५ युनिट. ही वही नसती तर पुढचं काहीच पडताळता आलं नसतं.

संध्याकाळी कागदावर हिशेब केला. आम्ही १२० जणी. आंघोळीला एक बादली, १८ लिटर, ४२ अंश. नळाचं गार पाणी २०–२२ अंश, टाकीतलं ६० धरलं तर बादलीतलं साधारण साडेनऊ लिटर गरम, बाकीचं गार. म्हणजे दिवसाला जेमतेम १,१५० लिटर गरम पाणी, उष्णतेत मोजलं तर सुमारे ५० युनिट (युनिट म्हणजे विजेच्या मीटरवरचंच, एक किलोवॅट-तास). आता सूर्याकडून येणारं : हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी कललेल्या पॅनेलवर दर चौरस मीटरला साडेपाच युनिट धरले आणि निम्म्याहून थोडे कमी टाकीत पोचले, तरी ४८ चौरस मीटरचे ११५ च्या पुढे.

लागतात ५०, मिळतात ११५. शिवाय वीज ५५. तीनदा ताडून पाहिलं. म्हणजे दिवसाला शंभराहून जास्त युनिट उष्णता कुठेतरी जाते आहे आणि ती आंघोळीच्या बादलीत जात नाही. नवे पॅनेल बसवले तर त्यांची उष्णताही त्याच वाटेने जाईल.

१८ जानेवारी

डिजिटल तापमापक आठ बसवले. टाकीच्या पत्र्याच्या आवरणाला चार उंचींवर लहान खिडक्या कापल्या, ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचतंतूंची लोकर) बाजूला सारून आतल्या पोलादाला उष्णतावाहक पेस्ट लावून तापमापक चिकटवले, वर पुन्हा ग्लासवूल आणि टेप. उरलेले चार : पॅनेलकडे जाणारं पाणी, पॅनेलकडून येणारं, फेरीवर निघणारं, फेरीवरून परतणारं. दर मिनिटाला नोंद. दिवस यातच गेला.

२१ जानेवारी

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण आज पहिली गळती सापडली.

सकाळी ७:४०. गच्चीवर १५ अंश. ऊन नुकतंच कठड्यावरून खाली उतरत होतं, पॅनेलवर तिरपं, फिकट. पॅनेलचा पंप चालू झाला. मोबाइलवर आकडे पाहिले : पॅनेलकडे जाणारं पाणी ५०.४, परत येणारं ४८.५. आधी वाटलं आपण तापमापकांच्या खुणा उलट्या लावल्या. दोन्ही पाइपांना हात लावून पाहिला. उलट नव्हतं. पाणी गरम जात होतं आणि गार होऊन येत होतं. मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी, त्यातून १.९ अंश उतार, म्हणजे पाच किलोवॅटच्या वर उष्णता टाकीतून निघून पॅनेलवाटे आकाशात जात होती. पहाटे विजेने तापवलेलं पाणी.

नियंत्रकाच्या फलकावर टाकीचं तापमान दाखवत होतं १६. टाकी ५०ची, फलकावर १६. काकांनी टाकीच्या मागच्या बाजूचा पत्रा वाकवून पाहिला. टाकीच्या तळाला जिथे तापमापकाची खोबण आहे तिथून तो निसटला होता आणि वायरीला लोंबकळत हवेत होता. तो हवेचं तापमान मोजत होता. त्यामुळे नियंत्रकाला वाटायचं की टाकी थंडगार आहे आणि पॅनेल २५ अंशांवर गेलं की लगेच पंप लावायचा. एकदा टाकीतलं गरम पाणी पॅनेलमधून फिरू लागलं की पॅनेल गरमच दिसणार, पंप थांबणारच नाही. टायमर होता म्हणून निदान रात्री तो बंद व्हायचा. ज्याने कोणी तो टायमर लावला त्याने मोठं नुकसान वाचवलं.

तापमापकाच्या टोकाला कापसाच्या वातीएवढा गंज. खोबण पुसून पेस्ट भरली, तापमापक आत बसवला, वर पितळी क्लिप. एकूण वेळ वीस मिनिटं.

२३ जानेवारी

पंप आता ९:२० ला लागतो, ४:५० ला बंद होतो. हीटरचे युनिट ५५ वरून ४७. वाटलं होतं त्याहून कमी फरक. मोठी गळती अजून बाकी आहे.

२८ आणि २९ जानेवारी

रात्रीची चाचणी. हिचा निकाल आधीच माहीत असल्यासारखं काका म्हणत होते, "रिटर्न लाइन बघा." आम्ही बघितली.

पहिली रात्र : नेहमीप्रमाणे फेरीचा पंप चालू. रात्री साडेनऊनंतर नळ वापरले जात नाहीत असं धरलं आणि खात्रीसाठी दोन्ही विंगांत पाट्या लावल्या. साडेनऊला टाकी ५२.०, पहाटे साडेतीनला ४६.५. सहा तासांत साडेपाच अंश.

दुसरी रात्र : फेरीचा पंप बंद, रिटर्नचा व्हॉल्व्ह बंद. साडेनऊला ५२.३, साडेतीनला ५१.८. अर्धा अंश.

३,००० लिटर पाणी एक अंश उतरलं की साडेतीन युनिट गेले. दोन रात्रींमधला फरक पाच अंशांचा, म्हणजे सहा तासांत साडेसतरा युनिट. चोवीस तासांचे सत्तर. १२० जणींच्या आंघोळीला लागते त्याहून जास्त उष्णता आमच्या भिंतींतले पाइप रोज हवेला देत होते. त्यात पंपाची स्वतःची वीज दिवसाला नऊ युनिट, ती वेगळीच.

रात्री दोनला आम्ही बॅटरी घेऊन पाइपावरून हात फिरवत गेलो. फेरी एकूण साधारण १२० मीटर. शाफ्टमधला, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतला, भाग ठीक. गच्चीवरच्या ३८ मीटरांवर ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, पण त्याची शिवण वरच्या बाजूला आहे. ती खाली हवी. पावसाळ्याचं पाणी शिवणीतून आत गेलं, ग्लासवूल भिजून खाली बसलं आणि वरच्या अंगाला पाइप जवळजवळ उघडा. एका ठिकाणी पत्रा उचलला तर आतलं ग्लासवूल ओल्या घोंगडीसारखं जड निघालं.

३१ जानेवारी

वर्गात औद्योगिक जोडण्या झाल्या. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये बसलेल्या ७३ शेफलर डिश (ऊन एका जागी एकवटणारे वाटीसारखे आरसे), प्रत्येकी १६ चौरस मीटर, त्यांची वाफ आधीच्या बॉयलरच्या वाफेच्या जोडीने स्वयंपाकघरात जाते. ऊन गेलं की बॉयलर भार उचलतो, आचाऱ्याला काही बदलावं लागत नाही. लातूरच्या महानंद डेअरीत २००६ च्या सुमारास बसलेली 'अरुण' डिश, सुमारे १६० चौरस मीटरची एकच, आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून आलेली. तिथे दूध पाश्चराइज करायला उष्णता हवी. ७२ अंश, १५ सेकंद, त्यात तडजोड नाही.

मॅडमनी दोन वाटा समजावल्या. सौर उष्णता मुख्य पुरवठ्यालाच जोडायची, किंवा थेट ज्या कामाला ती हवी त्या कामापाशी जोडायची. पहिलीत पाइपांचा पसारा कमी, पण तापमान जास्त लागतं. दुसरीत कमी तापमानावर भागतं, पण प्रत्येक कामाचं वेळापत्रक कळावं लागतं. मी वहीत आमच्या टाकीचं चित्र काढलं. आमच्याकडे सूर्य, हीटर आणि रिटर्न लाइन तिघं एकाच टाकीत, एकाच पाण्यात. कोणाचं कोणाशी काय नातं असावं हे ठरवलेलंच नाही.

५ फेब्रुवारी

फेरीचा पंप चोवीस तास का, याचं उत्तर वॉर्डन मॅडमकडे मिळालं आणि ते अगदी रास्त आहे. पूर्वी पंप नव्हता. तेव्हा दुसऱ्या विंगेच्या तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी यायला नळ सोडून ठेवावा लागायचा. ४० मीटर पाइपात २३ लिटर गार पाणी साठलेलं. प्रत्येक मुलगी बादलीभर पाणी गटारात सोडायची, आणि उन्हाळ्यात आम्हाला टँकर लागतो. म्हणून पंप बसवला. पाणी वाचवायला घेतलेला निर्णय होता. त्याला चूक म्हणायचं नाही. फक्त रात्री अकराला आणि दुपारी दोनला त्याची गरज नाही.

पंपाच्या वेळा ठरवायला सगळ्या खोल्यांत फिरून आंघोळीच्या वेळा विचारल्या. ९६ जणींची आंघोळ सकाळी पावणेसहा ते साडेआठ. १९ जणींची संध्याकाळी, बहुतेक खेळाडू. पाच जणी रात्रपाळीच्या प्रयोगशाळेमुळे कधीही.

१० फेब्रुवारी

फेरीच्या पंपाला टायमर. सकाळी ५:३० ते ८:३०, संध्याकाळी ६:३० ते ८. त्या पाच जणींशी स्वतंत्र बोललो, त्यांना पहिल्या विंगेतलं टाकीजवळचं न्हाणीघर वापरायला चालेल असं त्या म्हणाल्या.

११ फेब्रुवारी

पहिल्याच सकाळी तक्रार. ५:५० ला तिसऱ्या मजल्यावर गार पाणी. थंड झालेला सगळा पाइप तापायला वीस मिनिटं पुरत नाहीत, पोलादही तापावं लागतं. हे आम्ही हिशेबात धरलं नव्हतं. पंप ५:०० ला सुरू केला. दुसऱ्या दिवशी तक्रार नाही.

१९ फेब्रुवारी

आठवड्याची सरासरी : हीटर २४ युनिट. आनंद झाला, पण २४ सुद्धा का? कागदावर शून्याजवळ यायला हवं.

नोंदी उघडून पाहिल्या. पहाटे साडेतीनला टाकी वरपासून खालपर्यंत ५३ अंश. यात १२० जणींची आंघोळ आरामात होते. तरी टायमर लागतो, हीटर तळाशी असल्यामुळे सगळ्याच्या सगळ्या ३,००० लिटरना ६० वर नेतो. सात अंश गुणिले साडेतीन, साडेचोवीस युनिट. बरोबर जुळलं. गरज नसताना तापवलेलं पाणी. आणि नुकसान तिथेच संपत नाही. आंघोळी आटोपल्यावरही टाकी गरम, म्हणून सकाळी पॅनेलकडे जाणारं पाणी गरम. पॅनेल आणि हवा यांत १० अंशांचा फरक असेल तर आमच्यासारखे कलेक्टर ७०० वॅट उन्हात साठ टक्क्यांच्या वर उष्णता उचलतात. फरक ३५ झाला की पन्नासच्या खाली येतात. पहाटेचा हीटर दिवसभराच्या सूर्याची जागा अडवून बसतो.

इथे मला आजोळचा तांब्याचा बंब आठवला आणि त्या आठवणीने मला पुस्तकापेक्षा जास्त समजलं. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की ते नळीने थेट तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर यायचं. आजी घाई करू द्यायची नाही. धबकन ओतलं की तोटीतून कोमट येतं, म्हणायची, बारीक धार धर. पाणी २० अंशांना घनमीटरला ९९८ किलो, ६० ला ९८३. एवढ्याशा फरकावर गरम पाणी वर तरंगत राहतं, पण ढवळलं की सगळं एकजीव होऊन कोमट. आमच्या टाकीत रिटर्न लाइन तळापाशी शिरते आणि वरच्या दिशेने उसळते. टाकी रोज ढवळली जाते आहे. बारीक धार कोणी धरलेली नाही.

म्हणजे उपाय असा : सौर टाकीला फक्त सूर्याची ठेवायची. हीटर आणि रिटर्न लाइन दोन्ही तिच्यातून काढून तिच्यापुढे एक छोटी टाकी घालायची. सौर टाकीच्या माथ्यावरचं पाणी छोट्या टाकीत तळाशी शिरेल, कमी पडेल तेवढंच तिथला हीटर भरेल, आणि फेरी तिथूनच निघून तिथेच परतेल.

३ मार्च

नवी टाकी घ्यायला पैसे नाहीत. काकांना आठवलं की शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर ५०० लिटरची टाकी पडून आहे, तिचे पॅनेल गारपिटीत फुटल्यापासून. जाऊन पाहिली. गळती नाही, ग्लासवूल कोरडं, हीटर बसवायची फ्लँज एक. परवानगी मिळाली.

एकच हीटर पुरेल का? सर्वांत वाईट सकाळ धरली : सौर टाकीत अजिबात ऊन नाही, आंघोळीला लागणारी उष्णता ४६ युनिट. छोटी टाकी आधी तापलेली असेल तर तिच्यात २०, आणि ९ किलोवॅटचा हीटर अडीच तासांत साडेबावीस. थोडं कमी पडतं. पण पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसातही पॅनेल पाणी निदान कोमट करतात, त्यामुळे एवढी वाईट सकाळ क्वचित. दुसरा हीटर सौर टाकीतच राहू द्यायचा, टायमर काढून, कुलूपबंद बटणावर. झडीच्या दिवसांत किल्ली काकांकडे.

जुना हीटर काढला तेव्हा त्याच्या सळ्यांवर क्षाराचा थर बोटाएवढा जाड. बोअरचं पाणी. नखाने खरवडेना, शिंपल्यासारखा टणक. सौम्य आम्लात रात्रभर ठेवला. पॅनेलच्या तांब्याच्या बारीक नळ्यांतही असाच थर धरत असणार, कारण तेच पाणी त्यांतून फिरतं. यावर खरा उपाय म्हणजे पॅनेलचं पाणी वेगळ्या बंद फेरीत ठेवून मध्ये उष्णता-विनिमयक (पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारं साधन) घालणं. या सत्रात ते शक्य नाही, पण अहवालात लिहायचं.

१२ मार्च

जोडणीचा दिवस. परीक्षा नाही, उद्या होळी, अर्ध्या मुली घरी. सकाळी नऊला पाणी बंद केलं.

काका, एक प्लंबर आणि आम्ही दोघी. छोट्या टाकीची हवेची नळी गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर न्यावी लागली, नाहीतर गरम पाणी तिथूनच ओसंडलं असतं. काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवली. आमच्याकडे लेसर होता, तो उन्हात दिसेना. रिटर्न लाइन छोट्या टाकीच्या मध्यावर आणली आणि आत तोंड आडवं वळवलं, पाणी वर उसळू नये म्हणून.

संध्याकाळी सहाला पाणी सोडलं. पहिली विंग सुरू, दुसऱ्या विंगेत तिसरा मजला कोरडा. पंप घरघरतो, पाणी नाही. व्हॉल्व्ह सगळे तपासले, उघडे. काकांनी पाइपाला कान लावला, चार ठिकाणी, मग गच्चीच्या कोपऱ्यात जिथे नवा पाइप जुन्या तुळईवरून उचलून नेला आहे तिथे थांबले. "इथं हवा धरलीय." तिथला युनियन (पाइपाचा सुटणारा जोड) पान्याने अर्धी फेरी सैल केला. फस्स आवाज, मग तांबडं पाणी थुंकल्यासारखं, मग सलग धार. तिने काकांची बाही भिजली. धार आधी गार होती, मिनिटभराने कोमट झाली. त्या उंचवट्यावर उद्या हवा काढायचा छोटा व्हॉल्व्ह बसवायचा, नाहीतर दर वेळी पाणी गेलं की हे होणार.

आठ वाजता तिसऱ्या मजल्यावर ४८ अंश.

१४ मार्च

हवेचा व्हॉल्व्ह बसवला. छोट्या टाकीचा थर्मोस्टॅट ५५ वर.

२१ मार्च

सौर टाकीचे चार तापमापक आता चार वेगळे आकडे दाखवतात. आज सकाळी साडेआठला, सर्व आंघोळी झाल्यावर, वरपासून खाली : ५८, ५७, ४४, २७. हे पाहून आम्ही दोघी गच्चीवर नुसत्या बसून राहिलो. बंबासारखंच, वर कढत, खाली गार. पॅनेलकडे २७ अंशांचं पाणी जातं आहे आणि सूर्य फार वर चढायच्या आत पॅनेल काम करू लागले आहेत.

हीटर, आठवड्याची सरासरी : दिवसाला ५ युनिट. बहुतेक सगळे छोट्या टाकीच्या आणि फेरीच्या उतारापोटी.

एक काळजी : साठवलेल्या गरम पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून पाणी ६० च्या आसपास जायला हवं. मधल्या कोमट थरात ते वाढू शकतात. दर रविवारी दुपारी छोटी टाकी ६० वर नेऊन फेरी अर्धा तास चालवायची असं ठरवलं. सौर टाकी निरभ्र दुपारी आपोआप तिथे पोचते.

२ एप्रिल

पाडव्याची सुट्टी संपून सगळ्या परतल्या. पूर्ण वापरात हीटर ४ युनिट. पण हा आकडा डिसेंबरच्या ५५ शेजारी ठेवून टाळ्या घ्यायच्या नाहीत. तेव्हा नळाचं पाणी २० अंश, आता २८. मुली गरम पाणीही कमी घेतात. प्रत्यक्ष दिलेली उष्णता मोजून जानेवारीची गरज परत मांडली तर हिवाळ्यात ८ ते १० युनिट लागतील. अहवालात हाच आकडा लिहायचा.

एफ-चार्ट पद्धतीनेही, म्हणजे गरजेतला किती वाटा सूर्य उचलेल हे काढायच्या रीतीनेही, ताडून पाहिलं. क्लाइन, बेकमन आणि डफी यांनी १९७६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात संगणकावर असंख्य नमुने चालवून बसवलेली ही रीत. दर चौरस मीटरला ७५ लिटर साठा ही तिची प्रमाण मानलेली चौकट, आमचा साडेबासष्ट, दुरुस्ती करून घेता येते. जुन्या जोडणीला ही रीत लावली होती तेव्हा उत्तर प्रत्यक्षापासून फार दूर गेलं होतं आणि आम्ही रीतीलाच दोष देत होतो. ती गृहीत धरते की सूर्याने तापलेलं पाणी पुढे जातं आणि कमी पडेल ते पुढे भरलं जातं. आमची टाकी तशी नव्हतीच. आता उत्तर जवळ येतं.

१५ ते १७ एप्रिल

पावसाळ्याची रंगीत तालीम. पॅनेलचा पंप दोन पूर्ण दिवस बंद ठेवला. सगळ्यांना आधी सांगितलं. तिसऱ्या सकाळी सौर टाकीच्या माथ्यावर फक्त ३४ अंश. छोट्या टाकीतला हीटर पहाटे साडेचारपासून सलग. ८:२० ला तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या आंघोळीला ४३ अंश. पुरलं, पण काठावर. वॉर्डन मॅडमना स्पष्ट सांगितलं की सलग तीन दिवस ढग असतील तर किल्ली वापरावी लागेल.

२४ एप्रिल

सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ लोंबकळणाऱ्या तापमापकावर घेतला. विचारलं, हे पुन्हा घडलं तर कळणार कसं? खरा प्रश्न आहे. फलक गच्चीवर आहे, तिथे कोणी रोज जात नाही.

नव्या पॅनेलचं दरपत्रक वॉर्डन मॅडमनी बाजूला ठेवलं. त्याच्या एका लहान भागात गच्चीवरच्या ३८ मीटरांचं ग्लासवूल बदलून होईल. शिवण खालच्या अंगाला ठेवायची हे कामाच्या कागदावर ठळक लिहून दिलं.

२८ एप्रिल

परीक्षकांच्या प्रश्नावर आम्हाला सुचलेला उपाय साधा आहे. पाचही व्हॉल्व्हवर मराठीत पत्र्याच्या पाट्या लावल्या : 'सौर टाकीतून छोट्या टाकीकडे', 'रिटर्न', 'झडीच्या दिवसांत उघडा', असं. फलकाशेजारी प्लास्टिकच्या खिशात एक वही आणि दोरीला पेन. आठवड्यातून एकदा चार आकडे लिहायचे. टाकीच्या तळाचा आकडा हवेइतका दिसला तर तापमापक निसटला आहे असं समजायचं, हे पहिल्या पानावर लिहिलं.

आज सकाळी पहिली नोंद काकांनी केली. त्यांच्या ठसठशीत अक्षरात : वेळ ७:४०. टाकीचा तळ ३१. पॅनेलकडे जाताना ३१, येताना ३४. पंप चालू.